कॅसेटच्या डबीतला गूळ

१

रविवारी सकाळी अकरा वाजता मी कपाट उघडलं, शबनूरच्या लघुपटाच्या कॅसेटची डबी बाहेर काढली आणि ती मला हलकी लागली. उघडली तर आत कॅसेट नव्हती. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला गुळाचा खडा होता. कागदावरची अक्षरं कानडी होती.

मी मटकन खाली बसलो. मागं खुर्ची होती हे नशीब.

मी आकाराम. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो आणि आमच्या लघुपट मंडळाचा सचिव आहे. मला सचिव केलं ते हुशारीमुळं नाही, घाबरटपणामुळं. घाबरट माणूस प्रत्येक गोष्टीची यादी करतो, दोनदा तपासतो आणि वर कुलूप ओढून बघतो. त्या कपाटाचं कुलूप मीच लावलं होतं. फक्त किल्ली पडद्यामागच्या खिळ्याला टांगली होती आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. असा हा माझा बंदोबस्त.

सन दोन हजारचा फेब्रुवारी होता. 'आपली माणसं' नावाचा दोन दिवसांचा लघुपट महोत्सव आम्ही भरवला होता. जिल्ह्यातल्या लोकांनी जिल्ह्यातल्याच लोकांवर केलेल्या अकरा फिल्म. धनगराची लोकर, जैन घरातलं दिवस मावळायच्या आतलं जेवण, शिरोली एमआयडीसीत भट्टीवर राबणाऱ्या बिहारी कामगारांची छटपूजा. एरवी आपण शेजाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत काय चालतं ते बघत नाही, ते निदान पडद्यावर तरी बघावं एवढाच हेतू. तेवढ्यासाठी मी महिनाभर पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. साहेबांनी परवानगी दिली ती एका अटीवर. एक जरी तक्रार आली, तर पडदा गुंडाळायचा.

आणि रविवारी संध्याकाळी सहाला शेवटची, सगळ्यांना ज्याची ओढ होती ती फिल्म. 'बसती माती, निजती माती'. चोवीस मिनिटांची. जयसिंगपूरच्या पलीकडं, कृष्णाकाठच्या गावातला मीरासाब मुल्ला पन्नास वर्षं गावाच्या कबरी खणत होता. मुसलमानांच्याही आणि लिंगायतांच्याही. लिंगायतांत मेलेल्या माणसाला मातीत बसवतात, म्हणून तो खड्डा चौकोनी. मुसलमानांत निजवतात, म्हणून तो लांब. दोन्हींची मापं त्याच्या हातात होती. त्याच्या नातीनं, शबनूरनं, ही फिल्म केली. चित्रीकरण संपलं आणि मीरासाब गेला. त्याला पाच आठवडे झाले होते. संध्याकाळी त्याला बघायला गावातून दोन टेम्पो भरून माणसं यायची होती.

शबनूर आली. तिनं डबी पाहिली, गूळ पाहिला. रडेल म्हणून मी पाण्याचा तांब्या शोधायला लागलो, पण ती रडली नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, दुसरी कॉपी न्हाय. माझ्या आज्जाचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाय."

२

आमच्यापैकी एकानं गुळाला हात लावू नका म्हणून सांगितलं, हा करणीचा प्रकार आहे. दुसरा म्हणाला, कागद कानडी आहे, म्हणजे हे सीमाभागातलं राजकारण. तिसऱ्याला गुळात विषाचा संशय आला. मला तिघांचंही पटत होतं, हाच माझा दोष. एवढं मात्र मला कळत होतं, की ही बातमी हॉलच्या बाहेर गेली तर तासाभरात तिला चार शिंगं फुटतील आणि साहेब पडदा गुंडाळतील.

"दार लावून घ्या," मागून कुणीतरी म्हणालं. "आणि त्यो गूळ इकडं द्या."

तो पिराजी होता. पिराजीनं एका टॉकीजमध्ये एकतीस वर्षं डोअरकीपरचं काम केलं होतं. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरी मारायची, दार सांभाळायचं. निवृत्तीनंतर त्याला करमेना, म्हणून आमच्या हॉलच्या दारावर फुकट उभा राहिला होता. मला तो आवडत नसे. कारण मला चेहरे लक्षात राहत नाहीत आणि त्याला कोण कुठल्या सालात कुठल्या खुर्चीवर बसला होता तेही आठवत असे.

त्यानं गूळ हुंगला, जिभेला लावला आणि परत कागदात गुंडाळून खिशात टाकला. मग डबी नीट न्याहाळली. सकाळी नऊपासून आत चारच माणसं आली, असं त्यानं सांगितलं. प्रोजेक्टर बघायला रुद्रेश. भांडायला केरबा. शबनूरची समजूत घालायला तिचा चुलता नौमान. आणि आम्हा राबणाऱ्यांसाठी भाकरी घेऊन आलेली बसम्मा, मीरासाबची गावातली शेजारीण. शनिवारी संध्याकाळी आम्ही ही फिल्म पडद्यावर लावून बघितली तेव्हा कॅसेट जाग्यावर होती. त्या वेळीही ही बसम्मा हजर होती. रात्री इथंच भाचीकडं राहिली होती. म्हातारी पदर तोंडाला लावून फिल्म बघत होती, आणि संपल्यावर तिनं मला विचारलं होतं, हे घरच्या टीव्हीवर लागतं का हो सर. फिल्म संपत आली तेव्हापासून मी यादी तपासत होतो. महोत्सव होईपर्यंत कॅसेट कपाटाबाहेर जाणार नाही, असं काहीसं खेकसून मी मोकळा झालो.

माझा संशय सरळ रुद्रेशवर गेला. त्याचा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ. कॅमेरा त्याचा, एडिटिंग त्याचं, आणि फिल्मच्या नामावलीत त्याचं नाव शेवटी आलं म्हणून तो आठवडाभर फुगला होता. शिवाय दुकानात कानडी पेपर वाचायचा. आम्ही बोलावलं तसा तो आला आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याचे कान लाल झाले.

"सर, मला चोरायची असती तर डबीत दुसरी कॅसेट घालून ठेवली असती," तो म्हणाला. "तुम्हाला सहा वाजेस्तोवर पत्ता लागला नसता. माझ्याकडं काय कॅसेटींचा दुष्काळ पडलाय?"

मूळ चित्रीकरणाच्या कॅसेट तरी आहेत ना, असं मी विचारलं. तेव्हा तो खाली बघायला लागला. लग्नाचा सीझन. कॅसेट महाग. एडिटिंग झाल्यावर त्याच कॅसेटवर पुढचं लग्न घ्यायचं ही त्याची रीतच होती. मीरासाबच्या कबरींवर शुक्रवारी एक साखरपुडा बसला होता.

"आणि अजून एक हाय," रुद्रेश कसाबसा म्हणाला. "तिच्या पाठीवरची पट्टी मी मोडलेली न्हाय. ती मोडली की वर दुसरं काय भरता येत न्हाय; शबनूरला काय बदलायचं झालं तर म्हणून ठेवलती. आता कुणी घरच्या मशीनला घातली आणि चुकून लाल बटण दाबलं, तर वर दुसरं काहीबाही भरेल. मीरासाब पुसला जाईल."

शबनूरनं रिकामी डबी मिटून हातात घेतली.

३

बारा वाजले. केरबाला बोलवायची गरज पडली नाही. तो स्वतःच आला. केरबा गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष. हॉलला लागून त्याच्या बहिणीच्या लग्नाचा मांडव पडला होता. मुहूर्त गोरज, सहा बेचाळीसचा. शेजारी बहिणीवर अक्षता पडणार आणि इकडं पडद्यावर कबरी खणणार, हे त्याला मुळीच मान्य नव्हतं. शेवटी कसाबसा तोडगा निघाला होता. सहाच्या ठोक्याला फिल्म सुरू करायची आणि साडेसहाच्या आत संपवायची. एक मिनिट पुढं गेलं, तर तो चौकीत जाणार होता.

पिराजीनं त्याला कॅसेटबद्दल सरळच विचारलं. मी डोळे मिटून घेतले.

"मी घ्याची तर सांगून घेतली असती," केरबा म्हणाला. त्याचा आवाज रंकाळ्यापर्यंत गेला असेल. "गुपचूप गूळ ठेवाय मी काय बाई हाय? आणि ऐका सर, कॅसेट घावो नायतर न घावो, साडेसहानंतर इथं कबर दिसली न्हाय पायजे."

पिराजीनं मान डोलावली. केरबाच्या बोलण्यातलं काहीतरी त्याला भावलं असावं, कारण तो पुटपुटत खिशातला गूळ चाचपत राहिला. मला त्याचा राग आला. इथं माझं बी.पी. वाढतंय आणि हा गूळ चाचपतोय.

राहिला नौमान. हा मीरासाबचा धाकटा मुलगा, जयसिंगपुरात शिवणकाम करणारा. तो मागच्या पायरीवर बसला होता. फिल्म दाखवू नका म्हणून त्यानं शबनूरला आठवडाभर विनवलं होतं. बाप जाऊन चाळीस दिवसही झाले नाहीत आणि त्याचं तोंड तिकीट लावून दाखवायचं, हे त्याच्या मनाला लागलं होतं. मला वाटलं, सापडला. पण त्यानं नजर चुकवली नाही.

"मी न्हाय घेतली," तो म्हणाला. "मला न्हाय बघायची, म्हणून मी आत बी येणार न्हाय. पण बापाचा आवाज मी फेकीन व्हय? सर, तुम्ही शिकलेली माणसं. बाप गेल्यापासनं आमची अम्मी इद्दतीत बसलीया. चार महिने धा दिवस उंबऱ्याबाहेर पाय टाकायची न्हाय ती. तिला मी सांगितलंय, या दिवसांत टीव्हीबीव्ही बघू नगो म्हणून. आणि तिचा नवरा सगळं कोल्हापूर बघणार. हे मला गोड लागत न्हाय, एवढंच."

बोलता बोलता त्यानं तोंड फिरवलं. मी उगीचच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिघेही निर्दोष वाटत होते, आणि घड्याळात पाऊण वाजला होता.

मी आत गेलो तर पिराजी पहिल्या रांगेसमोर उभा होता. शबनूरनं घरच्यांसाठी धरून ठेवलेल्या खुर्च्यांवर तिनं नावाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. पिराजी त्या वाचत होता.

"सर," तो मागं न बघता म्हणाला, "आपण सकाळधरनं आलेली माणसं मोजतोय. न आलेलं माणूस कोण मोजलंच न्हाय की."

४

पिराजीनं मला आणि रुद्रेशला पहिल्या रांगेत बसवलं. शबनूर उभीच राहिली.

"एकतीस वर्सं दारावर काढली," त्यानं सुरुवात केली. "इंटरवलला माणूस बाहेर जातंय. जे परत येणार न्हाय, ते सगळं सामान उचलून जातंय. जे परत येणार हाय, ते खुर्चीवर रुमाल टाकून जातंय. ही डबी बगा. चोर असता तर डबीसकट नेली असती. न्हायतर रिकामी टाकली असती. रुद्रेश असता तर दुसरी कॅसेट भरली असती. ह्यानं गूळ ठेवलाय. त्यो गूळ म्हंजे रुमाल हाय."

मी विचारलं, गुळाचाच का रुमाल.

पिराजीनं त्यावर मला माझ्याच घरातली गोष्ट सांगितली. शेजारीण वाटीत कालवण देते. आपली बायको ती वाटी धुऊन ठेवते, पण रिकामी परत देत नाही. चिमूटभर साखर, मूठभर शेंगा, काही नसेल तर गुळाचा खडा. रिकामं भांडं हातात द्यायचं नाही आणि रिकामी जागा मागं ठेवायची नाही. पुरुषमाणसाला हे सुचत नाही. केरबाच्या तोंडून ते रागात निघून गेलं होतं. हे बाईचं काम होतं, आणि जुन्या वळणाच्या बाईचं. तिनं कॅसेट घेतली, डबी मोकळी झाली, आणि हात आपसूक कमरेच्या पिशवीत गेला. तिच्या लेखी ही चोरी नव्हतीच. उसनवारी होती.

"आता फिलीम उसनी कशाला न्यायची? बघायला," पिराजी म्हणाला. "ती तर सहाला इथं लागणारच हाय. मग सहाच्या आधी कुणाला बघायची हाय? ज्याला सहाला येता येत न्हाय त्याला. ह्या खुर्च्यांवर पाच चिठ्ठ्या हायत. शबनूर, तुझ्या दादीची चिठ्ठी कुठंय?"

शबनूरच्या ओठांवर उत्तर येईपर्यंत मला ते कळलं होतं. सलमा, मीरासाबची बायको, चार महिने दहा दिवस उंबऱ्याच्या आत. तिची चिठ्ठी नव्हती, कारण ती येणार नव्हती.

पुढचं मग सोपं होतं. शनिवारी फिल्म पाहिलेली, सलमाच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, कानडी पेपर ज्या घरात येतो तिथली बाई. पिराजी म्हणाला, सकाळी बसम्मा आली तेव्हा भाकरीची बुट्टी तिच्या डोक्यावर होती. जाताना रिकामी बुट्टी तिनं पोटाशी धरली होती, वर पदर घेऊन. रिकामी बुट्टी कुणी पोटाशी धरत नाही. दारावर त्याला ते दिसलं होतं, पण म्हाताऱ्या बाईला अडवून पदर बाजूला कर म्हणणं त्याच्या एकतीस वर्षांत बसत नव्हतं.

मला शनिवारचा तिचा प्रश्न आठवला आणि लाज वाटली. तिनं मला आधी विचारलं होतं. मीच खेकसलो होतो.

शबनूर मात्र पुटपुटली, "बसम्माअव्वा दुपारी दीडला पोचणाऱ्या गाडीनं परत येते म्हणून गेलीया. तिच्या सुनेकडं व्हिडिओ हाय."

पण दीडची गाडी आली, आणि बसम्मा त्यातून उतरली नाही. गावातल्या एकुलत्या फोनबूथवर घंटी वाजत राहिली. रुद्रेशनं स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला आणि व्हॅनची किल्ली काढली.

५

व्हॅनमध्ये मी रिकामी डबी मांडीवर घेऊन सारखा घड्याळ बघत होतो. शबनूर लोकांना थोपवायला मागं राहिली होती. हातकणंगल्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. माझ्या डोळ्यांपुढं एकच लाल बटण दिसत होतं आणि त्यावर कुणाचं तरी निष्पाप बोट. रुद्रेश मुकाट गाडी हाणत होता. पिराजी तेवढा मागं बसून निवांत डुलक्या घेत होता. मला त्याची झोप बघवेना.

गावात पोचायला तीन वाजले. मीरासाबच्या घराचं दार अर्धं उघडं होतं आणि पायरीवर बसम्मा बसली होती. कपाळाला विभूती, मांडीवर हात, चेहरा उतरलेला. आम्हाला बघून ती उठली नाही.

"लाईट गेली," ती म्हणाली.

घडलं होतं ते असं. तिनं आणि सुनेनं, भूमिकानं, टीव्ही आणि व्हिडिओ खाटेवर घालून सलमाच्या घरात आणला, कारण सलमाला बाहेर पडता येत नव्हतं. साडेअकराला फिल्म लागली. दहा-अकरा मिनिटं झाली असतील नसतील, तेवढ्यात वीज गेली. कॅसेट मशीनच्या पोटात, आणि मशीन मुकं. बसम्मानं दिलेला शब्द तिथंच अडकला. बाराला गावातून सुटणारी ती गाडी तिच्या डोळ्यांदेखत गेली.

मी विचारलं, सांगून का नाही नेली.

"सांगितलं असतं तर दिली असती व्हय?" तिनं मला विचारलं. "नौमान नगो म्हणतोय, तुम्ही नगो म्हणताय. आणि फिलीमीत शेवटाला मीरासाबअण्णा सलमाक्काविषयी बोललाय. त्यानं पन्नास वर्सांत तिला ते सांगितलं न्हाय, आणि शबनूरला बी तिच्यापुढं ते काढायचा धीर झाला न्हाय. काल मी ऐकलं आणि माझं मलाच वंगाळ वाटलं, की हे मी आधी का ऐकलं. घरच्या बोलण्याचा पयला मान घरच्या माणसाचा. ते तिनं ऐकायच्या आधी तुमच्या तिकीटवाल्यांनी ऐकायचं?"

तिचा नवरा सिद्धलिंग नऊ वर्षांपूर्वी गेला तेव्हा त्याचा खड्डा मीरासाबनं खणला होता आणि दोन रुपयेही घेतले नव्हते, हे तिनं सांगितलं नाही. ते फिल्ममध्येच होतं.

रुद्रेशनं स्क्रू-ड्रायव्हर काढला. मशीन उघडता येईल म्हणाला, पण फीत मशीनच्या हेडभोवती गुंडाळलेली असते, फाटायची भीती आहे. मी उघड म्हणालो, मग नको म्हणालो, मग पुन्हा उघड म्हणालो. पिराजीनं त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि पायरीवर बसला. वीज किती वाजता येते, त्यानं विचारलं. कधी चारला, कधी पाचला, भूमिकानं आतून उत्तर दिलं.

चार वाजले. वीज आली नाही. गावातले दोन टेम्पो आमच्या देखत माणसं भरून कोल्हापूरला निघाले. माणसं हात हलवत होती. मीही हलवला, दुसरं काय करणार. साडेचार वाजले. आता निघालो तरी सहाला पोचायची धाप लागणार होती, आणि कॅसेट अजून त्या काळ्या पेटीत होती.

चार वाजून बेचाळीस मिनिटांनी आतला पंखा फिरायला लागला.

६

मी ताडकन उठलो. आत्ता कॅसेट काढली तर सहाला पाच कमी असताना हॉलवर पोचत होतो. केरबा, साहेब, चारशे माणसं, सगळं निभावत होतं. उरलेली फिल्म तेरा मिनिटांची. मी दाराकडं पाऊल टाकलं.

पिराजी दारात उभा होता. एक हात चौकटीवर.

"चालू खेळात मी दार उघडत न्हाय, सर," तो म्हणाला.

मी त्याच्याशी भांडलो. परवानगी जाईल म्हणालो, महोत्सव बुडेल म्हणालो, तुझ्यामुळं शबनूरचं नुकसान होईल म्हणालो. तो हलला नाही. मग आतून मीरासाबचा आवाज आला आणि माझं बोलणं तिथंच थांबलं. सलमाला परक्या पुरुषांसमोर यायचं नव्हतं, म्हणून आम्ही तिघे दाराबाहेर, बसम्मा आणि भूमिका आत. पडदा आम्हाला दिसत नव्हता. फक्त आवाज.

कुदळीचे घाव ऐकू आले. मग शबनूरनं विचारलं, आज्जा, तुमची कबर कोण खणणार.

"गावातली पोरं खणतील की," मीरासाब हसत म्हणाला. "सिद्धलिंगाच्या पोराला माप शिकवलंय मी. फकस्त चिंचेकडची बाजू मोकळी ठेवा म्हणावं. तितं मी दोन खुंट्या मारून ठेवल्यात. ती जागा तुझ्या दादीची. मी रात्री-अपरात्री खड्डे खणाय जायचो, तवा ती दिवा लावून बसून ऱ्हायची. मला कधी बोलली न्हाय. पण मला ठाव हाय, तिला एकटीला झोप लागत न्हाय."

आत कुणी रडलं नाही, निदान मला ऐकू आलं नाही. बराच वेळ फक्त कुदळ चालू होती. मग बसम्मा काहीतरी कानडीत बोलली, आणि एक थकलेला आवाज तिला म्हणाला की त्या खुंट्या मला माहीत नव्हत्या गं. कबरस्तानात त्या खुंट्या बघूनही गावातल्या कुणाला त्यांचा अर्थ कळला नव्हता. ती जागा दुसऱ्या कुणालाही गेली असती.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी घड्याळ बघत होतो. दोन्ही एकदम करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

फिल्म संपली. पिराजीनं बाजूला होऊन दार सोडलं. बसम्मानं कॅसेट पदरानं पुसून डबीत ठेवली आणि ती माझ्या हातात दिली. व्हॅन सुटली तसा पिराजीनं खिशातून गूळ काढला, गुडघ्यावर फोडला आणि आम्हा दोघांना वाटला. वस्तू परत आली, आता खायला हरकत नाही, असं त्याचं म्हणणं. दिवसभरात माझ्या पोटात गेलेला तो पहिला घास होता.

हॉलवर सव्वासहा झाले. दारात केरबा उभा, फेटा बांधलेला, आणि त्याच्या शेजारी चौकीचे साहेब. आत चारशे माणसं चुळबुळत होती. पिराजीच पुढं झाला आणि त्यानं कुणालाही न दुखावता चार वाक्यांत सगळं सांगितलं. म्हातारी घराबाहेर पडू शकत नव्हती, नवऱ्याचं बोलणं तिनं आधी ऐकलं, म्हणून उशीर झाला.

केरबा बराच वेळ फेट्याचं टोक ओढत राहिला.

"मग आता लावू नगासा," तो शेवटी म्हणाला. "आधी अक्षता टाकायला चला सगळी. लगीन लागू दे, मग बगा तुमचं. रात्र पडली तर पडू दे. काय साहेब?"

साहेबांनी टोपी काढून काखेत मारली. तेवढ्यावर चारशे माणसं मांडवात गेली. कृष्णाकाठचे मुल्ला आणि लिंगायत, शिरोलीचे बिहारी, धनगर, आमचे शिक्षक. ज्यांना नवरा-नवरीचं नावही माहीत नव्हतं, त्यांनी मुठी भरभरून अक्षता टाकल्या. नौमान कडेला उभा होता. पिराजीनं त्याच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि कानात काहीतरी सांगितलं. काय ते मी विचारलं नाही. सव्वासातला आम्ही परत खुर्च्यांवर बसलो, तेव्हा तो शबनूरच्या शेजारच्या खुर्चीत होता.

दिवे गेले. पडद्यावर मीरासाबनं कुदळ उचलली. पुढं काय येणार आहे ते मला माहीत होतं, तरी खुंट्यांचं बोलणं आलं तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मागं, दाराजवळ, पिराजी उभा होता; पडद्याकडं त्याची पाठ होती.

चारशे माणसांनी ते ऐकलं, सलमाच्या मागून. आम्ही सगळे दुसरे होतो.